भूछत्रातली भिंत

आमच्या वन्सं माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी पायांकडे. मी लग्न होऊन या घरी आले तेव्हा दारातच त्यांनी माझ्या पायांवरून नजर फिरवली, आणि मग माझ्या नवऱ्याला, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाला, स्वयंपाकघरात ओढून विचारलं, हिची डावी चप्पल एका बाजूने जास्त झिजलीय, ही लंगडते का? मी लंगडत नव्हते. चप्पल माझ्या बहिणीची होती. पण ते सांगितलं असतं तर बहिणीची चप्पल का घातली, हा पुढचा प्रश्न आला असता, म्हणून गप्प बसले. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. अजूनही मी बाहेरून आले की वन्सं आधी माझे पाय बघतात आणि मग म्हणतात, आलीस का.

वन्संना सगळ्याचाच संशय येतो. आमच्या घरात भिंतीवर दोन घड्याळं आहेत, कारण एकट्या घड्याळावर त्यांचा भरवसा नाही. दोन्हींत दोन मिनिटांचा फरक पडला की त्या शेजारच्यांना फोन करून वेळ विचारतात, आणि फोन ठेवल्यावर म्हणतात, यांचं घड्याळ कधी बरोबर होतं? डॉक्टरने दिलेली गोळी त्या आधी उजेडात धरून बघतात. मी गॅस बंद केला की मागून येऊन बटण पुन्हा एकदा फिरवून जातात. अशा माणसाबद्दल लोक हळूच विचारतात, लहानपणी काही झालं होतं का हो? मीही सासूबाईंना विचारलं होतं. काहीही झालेलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, सहा महिन्यांची असताना दुधाची बाटली तोंडाला लावली की ही आधी माझ्याकडे बघायची, मग बाटलीकडे, आणि मग कुठे प्यायला लागायची. लग्न त्यांनी केलं नाही. तीन स्थळं आली, तिघांचेही पाय त्यांना पटले नाहीत.

असं माणूस कुठल्याही कचेरीत चार दिवस टिकलं नसतं. पण शहराच्या टोकाला मोठा थीम पार्क आहे आणि त्यात हरवलेल्या मुलांची खोली आहे. चोवीस वर्षांपूर्वी वन्सं तिथे कामाला लागल्या आणि त्या खोलीला हवं तसं माणूस मिळालं. पुढे सात वर्षांनी त्यांनीच शब्द टाकून मला तिथे लावलं. तिकीटखिडक्यांच्या वर काचेची एक खोपटी आहे, तिथे मी माइकसमोर बसते आणि सगळ्या पार्कला ऐकू जाईल असं बोलते. शब्द टाकताना वन्सं साहेबांना म्हणाल्या होत्या, आवाज बरा आहे, बाकीचं मी बघून घेईन. बाकीचं म्हणजे काय, हे मी कधी विचारलं नाही.

त्यांची खोली आकाशपाळण्याच्या मागे, पंपघराला लागून आहे. वीस फूट लांब, दहा फूट रुंद, वर पत्रा. पार्कमधल्या कामाच्या सगळ्या इमारतींना एकच धुळकट हिरवा रंग देतात. तो मुद्दाम निवडलेला असतो. त्यावर नजर ठरत नाही, माणूस शेजारून जातो आणि तिथे इमारत होती हे त्याला आठवतही नाही. वन्संना हा रंग फार पसंत होता. ज्यांना गरज आहे ते विचारत विचारत येतात आणि ज्यांना नाही त्यांना ही जागा माहीतच नसावी, असं त्यांचं म्हणणं.

आता त्यांची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. खोलीच्या मधोमध एक भिंत आहे. मूल मागच्या अर्ध्या खोलीत, न्यायला आलेलं माणूस पुढच्या अर्ध्या खोलीत. भिंतीत जमिनीपासून पावणेतीन फुटांवर एक खिडकी आहे, हातभर रुंद, वीतभर उंच, पुढच्या बाजूने काळी जाळी लावलेली. मागची खोली अंधारी आणि पुढची उजेडाची, त्यामुळे मुलाला माणूस दिसतं, माणसाला मूल दिसत नाही. वन्सं त्या माणसाला बाकावर बसवतात आणि प्रश्न विचारतात. मुलाच्या खिशात काय आहे? सकाळी काय खाल्लं? कुठल्या गुडघ्याला खरचटलंय? मग आत येऊन मुलाला स्टुलावर बसवतात, खिडकी दाखवतात आणि एकच विचारतात, हे तुझं कोण? पण मूल काय उत्तर देतं याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. लहान मूल घाबरून कोणालाही आई म्हणतं. वन्सं खाली बघत असतात. आपलं माणूस दिसलं की मुलाचे पाय आधी निघतात, तोंड मागाहून उघडतं. पाय निघाले की मगच दार उघडतं.

न्यायला आलेले बाप चिडतात. स्वतःच्या पोराला न्यायला पुरावा द्यायचा का, म्हणून टेबलावर हात आपटतात. वन्सं त्यांना पाणी देतात आणि पुढचा प्रश्न विचारतात.

ही भिंत आधी नव्हती. अकरा वर्षांपूर्वी सुट्टीच्या गर्दीत एक मुलगी सापडली. तेव्हा मला माझ्या आवाजाचं फार कौतुक होतं. वन्संनी फोनवर मुलगी कशी आहे ते कळवलं आणि मी माइकवर अगदी रंगवून सगळं सांगून टाकलं. चार वर्षांची गोड मुलगी, पिवळा फ्रॉक, पांढरे बूट, कानात लाल खडे, आणि तिचं नावसुद्धा. दहा मिनिटांत एक बाई धापा टाकत आली. मुलीचं नाव बरोबर सांगितलं, फ्रॉक, बूट, कानातले खडे, सगळं बरोबर. मुलगी रडून दमली होती, नावाने हाक मारणाऱ्या पहिल्या माणसाकडे ती गेली. वन्संनी सही घेतली आणि मुलगी दिली. पंधरा मिनिटांनी खरी आई आली. तिच्या एकाच पायात चप्पल होती.

वन्सं धावल्या. त्यांना धावताना मी तेवढं एकदाच पाहिलंय. मुलगी पार्कच्या मुख्य दारापाशी सापडली, दाराच्या दहा पावलं आत. तिच्या पायातला बूट निघाला होता, तो घातल्याशिवाय पुढे जाणार नाही म्हणून तिने जमिनीवर बसकण मारली होती आणि भोकाड पसरलं होतं. लोक बघायला लागले तशी त्या बाईने हात सोडला आणि ती गर्दीत मिसळली. एका पांढऱ्या बुटाने मुलगी वाचली. सगळे म्हणाले, चला, काही झालं नाही ना. वन्सं त्यानंतर आठ दिवस नीट जेवल्या नाहीत.

चौकशी झाली. वन्संना लेखी द्यावं लागलं. मला कोणी काही विचारलं नाही. माइकवरून नाव सांगितलं होतं हे कोणाच्या लक्षातच आलं नाही, असं मी समजले आणि सुटकेचा निःश्वास सोडला. खोटं कशाला बोलू. त्या वर्षी वन्सं पाहुण्यांच्या सगळ्या व्यवस्थेच्या प्रमुख होणार, असं जो तो धरून चालला होता. त्या झाल्या नाहीत. मी नवऱ्याला म्हटलं, रोज कोणाशी तरी खटके उडवणाऱ्याला कोण प्रमुख करणार? दोघंही हसलो.

चौकशीनंतर वन्सं जिना चढून माझ्या खोपटीत आल्या. त्यांनी माइकच्या वर एक पुठ्ठा चिकटवला. त्यावर लिहिलं होतं, एक मूल सुखरूप आहे, ज्यांचं मूल सोबत नसेल त्यांनी जवळच्या कर्मचाऱ्याला विचारावं. मुलगा की मुलगी तेही नाही. एवढंच वाचायचं, स्वतःचं काही घालायचं नाही, असं बजावून त्या खाली गेल्या. मला अपमान वाटला. अकरा वर्षं मी तेच वाक्य वाचतेय आणि दरवेळी वाचताना मनात म्हणत आले, या बाईचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही.

भिंतीसाठी त्यांनी अर्ज दिला. विचार करू, असं उत्तर आलं. विचार करू म्हणजे काय, हे वन्संना बरोबर कळतं. पार्कमध्ये एक गवंडी आहे, उंच आणि काटकुळा, त्याला सगळे ओळंबा म्हणतात. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ओळंब्याने नावेच्या तळ्याच्या काठाच्या उरलेल्या विटा आणून एका दिवसात भिंत उभी केली आणि तोच हिरवा रंग फासला. कागदावर कुठेही नोंद नाही. त्यानंतर तीन मॅनेजर बदलले, एकही त्या खोलीच्या आत आला नाही. साहेब लोकांची मुलं हरवत नाहीत बहुधा.

यंदा नवे मॅनेजर आले आणि त्यांनी पार्कला जंगल करायचं ठरवलं. तिकीटखिडक्यांची गुहा, स्वच्छतागृहांचे झाडांचे बुंधे, पंपघराचं वारूळ. कामाची एकही इमारत कामाची दिसायला नको. त्यासाठी एक आर्किटेक्टबाई नेमल्या गेल्या. आणि एका सकाळी हातात फीत आणि पाठीवर पिशवी घेतलेला एक माणूस वन्संच्या दारात उभा राहिला, म्हणाला, खोली मोजायची आहे.

वन्संच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यांची खात्रीच झाली की कोणीतरी चुगली केलीय, बेकायदा भिंतीची खबर लागलीय, आणि मोजणी हे नुसतं निमित्त आहे. त्यांनी त्याला दारातच अडवलं. आत मूल झोपलंय, असं सांगितलं. आत त्या वेळी मूल नव्हतं, झाडू होता. तो म्हणाला, थांबतो. त्या म्हणाल्या, थांबू नका, आकडे मीच देते. वीस बाय दहा, एकच खोली, मध्ये काही नाही. त्याच्याजवळच्या जुन्या नकाशातही तेच होतं. त्याने बरोबरची खूण केली आणि तो गेला. घरी आल्यावर वन्संनी मला हे सगळं सांगितलं. दिलं त्याला वाटेला लावून, असं म्हणून त्यांनी चहाचे दोन घोट घेतले. इतक्या खुशीत मी त्यांना फार क्वचित पाहिलंय.

दीड महिन्याने मॅनेजरच्या कचेरीबाहेर रंगीत चित्रं लागली. हरवलेल्या मुलांच्या खोलीचं झालं होतं भूछत्र. वर लाल टोपी, टोपीवर पांढरे ठिपके, खाली चारही बाजूंनी काच आणि आत मोकळी एकच खोली, गालिचा आणि रंगीत उशा. चित्रातली मुलं काचेतून बाहेर हात हलवत होती आणि बाहेरची माणसं आत. खाली लिहिलं होतं, प्रसन्न आणि पारदर्शक. वन्सं चित्रासमोर किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मी गेले तेव्हा त्या चित्रातल्या बाहेरच्या माणसांचे पाय बघत होत्या.

त्या दिवसापासून त्यांनी एकेकाला धरलं. मॅनेजरना तिथे टोप्यांचं आणि खेळण्यांचं दुकान काढायचंय, भूछत्र हा बहाणा आहे. कुठल्यातरी चिडक्या बापाने तक्रार केलीय. ओळंबा कुठेतरी बरळलाय. ओळंब्याला त्यांनी तळ्याच्या काठावर गाठून अर्धा तास उलटसुलट विचारलं, तो बिचारा हातातली थापी खाली ठेवून भिंतीची शपथ घ्यायला तयार झाला. मग माझी पाळी आली. भाजी निवडता निवडता, मान वर न करता त्यांनी विचारलं, तू तर कुठे काही बोलली नाहीस ना?

मला राग पटकन येतो. मी हातातली ताटली आपटली आणि म्हटलं, सव्वीस वर्षं झाली वन्सं, आता तरी एकदा ठरवून टाका, मी चोर आहे की घरची. पुढचे चार दिवस आम्ही दोघी एका टेबलावर बसून नवऱ्यामार्फत बोलत होतो. तिला सांग मीठ कमी आहे. त्यांना सांगा मीठ समोर आहे. तो बापडा इकडून तिकडे मान वळवून कंटाळला आणि ताट घेऊन बाहेरच्या खोलीत गेला.

पण पाचव्या दिवशी वन्संनी जे सांगितलं त्याने माझा राग उतरला. त्या सरळ माझ्याशीच बोलल्या. म्हणाल्या, भिंत गेली तर मी त्या खोलीत एक दिवस राहणार नाही. काचेत ठेवलेलं मूल बाहेरून कोणीही निरखून घेईल, फ्रॉक, बूट, खडे, सगळं. मग येऊन मला बरोबर उत्तरं देईल. मी कशावरून ओळखू? हे म्हणताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. चोवीस वर्षं ज्या बाईने डोळ्यांत तेल घालून पोरं सांभाळली, ती घाबरली होती. मला फार वाईट वाटलं, आणि त्यांनी ते कधीच कबूल केलं नसतं म्हणून जास्तच वाटलं. मी म्हटलं, आर्किटेक्टबाईंना जाऊन सांगा ना हे सगळं. त्या म्हणाल्या, भिंत बेकायदा आहे हे मीच माझ्या तोंडाने सांगू? तेच तर हवंय त्यांना.

तोडफोडीचा दिवस साप्ताहिक सुट्टीचा ठरला. माझा माइक तात्पुरत्या जागी हलवायचा होता म्हणून मीही आले होते. खालून ओळंब्याने हात करून बोलावलं. त्याला आतलं सगळं साफ करायला सांगितलं होतं, आणि आर्किटेक्टबाई म्हणत होत्या, आत साफ करण्यासारखं काही नाहीच. ओळंब्याने पाच मिनिटं डोकं खाजवलं आणि शेवटी सांगून टाकलं, आत भिंत आहे.

मी पोचले तेव्हा सगळे आत होते, मॅनेजरसुद्धा. आर्किटेक्टबाई चाळिशीच्या, ठेंगण्या, केसांत पेन्सिल खोचलेल्या, बूट चिखलाने भरलेले. त्या आ वासून भिंतीकडे बघत होत्या. वन्सं खिडकीला पाठ लावून उभ्या होत्या. बाईंनी विचारलं, ही भिंत कशासाठी? वन्सं म्हणाल्या, वारा येतो म्हणून. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, सामान ठेवायला. बाई वाकून खिडकीकडे बघत म्हणाल्या, मग इतक्या खाली खिडकी कशाला? वन्संनी ओठ घट्ट मिटले. मला ठाऊक होतं, आता कुऱ्हाड घातली तरी त्या बोलणार नाहीत.

मॅनेजरनी खोलीची जुनी फाइल मागवली होती. बेकायदा बांधकाम कोणी केलं ते त्यांना शोधायचं होतं. फाइलीत दिव्यांच्या आणि गळक्या पत्र्याच्या तक्रारी होत्या, अकरा वर्षांपूर्वीचा भिंतीचा अर्ज होता, आणि त्याला टाचलेला वन्संचा जबाब. मॅनेजर तो मोठ्याने वाचायला लागले. वन्सं म्हणाल्या, वाचायची गरज नाही. त्यामुळे ते जास्तच मोठ्याने वाचायला लागले.

जबाबात लिहिलं होतं, “ती बाई दारात आली तेव्हा मी बेसावधपणे मुलीचं नाव आणि कपडे आधीच बोलून गेले. त्यावरून तिने उत्तरं दिली. चूक पूर्णपणे माझी आहे. माइकवरच्या निवेदनाचा याच्याशी काही संबंध नाही.”

मी दारात उभी होते. वन्सं आणि बेसावध! आयुष्यात ज्या बाईने वेळसुद्धा दोन घड्याळांना विचारल्याशिवाय सांगितली नाही, ती अनोळखी बाईपुढे मुलीचं नाव आधी बोलून गेली म्हणे. आणि माइकबद्दल तर त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. कोणी विचारू नये म्हणून त्यांनी ते लिहिलं होतं. त्यांची बढती कशाने गेली ते मला तेव्हा कळलं. त्यावर मी आणि नवरा हसलो होतो तेही आठवलं. मला त्या घटकेला इतकी लाज वाटली की जिना चढून खोपटीत जाऊन बसावंसं वाटलं.

“हे खरं नाही,” मी म्हटलं. “नाव मी सांगितलं होतं. माइकवरून. कपडे, बूट, खडे, सगळं मी सांगितलं.”

वन्संनी माझ्याकडे असं बघितलं की दुसरं कोणी असतं तर पळून गेलं असतं. “तुला कोणी विचारलं?” त्या म्हणाल्या.

“कोणी विचारलं नाही, अकरा वर्षं. म्हणून सांगतेय.”

आणि मग मीच सगळं सांगितलं. एका पायात चप्पल असलेली आई, दारापाशी बसलेली मुलगी, ओळंब्याच्या विटा, खिडकी कशासाठी, मुलाचे पाय का बघायचे. वन्सं मध्ये मध्ये म्हणत होत्या, पुरे. मी थांबले नाही. ओळंबाही म्हणाला, भिंत मी बांधली, साहेब. सरळ आहे, हवं तर ओळंबा लावून बघा.

आर्किटेक्टबाई मागच्या खोलीत गेल्या आणि मुलांच्या स्टुलावर बसल्या. गुडघे हनुवटीला लागले. त्यांनी मॅनेजरना पुढच्या बाकावर बसायला सांगितलं. मग आतून विचारलं, मी तुम्हाला दिसतेय का? मॅनेजरनी डोळे बारीक केले, पुढे वाकले, नाही म्हणाले. बाई म्हणाल्या, तुमच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलीय, मला इथून दोराही दिसतोय. मॅनेजरनी चष्मा काढून खिशात ठेवला.

बाहेर येऊन बाईंनी वन्संना विचारलं, मोजायला माझा माणूस आला होता, त्याला हे का दाखवलं नाहीत?

“त्याचे बूट कोरे करकरीत होते,” वन्सं म्हणाल्या. “मोजणारा माणूस असा असतो का?”

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ताई, कागदावर भिंत दिसली असती तर काचेचा विचारच मनात आला नसता. मला कळलं ते एवढंच, की आत रिकामी खोली आहे. तुम्हीच तसं सांगितलंत.

वन्सं मटकन बाकावर बसल्या. भिंत वाचवायला म्हणून त्यांनी भिंत लपवली होती, आणि लपवली म्हणूनच ती तुटायची वेळ आली होती. माणसांचा, घड्याळांचा, गोळ्यांचा संशय घेतलेल्या आमच्या वन्संना त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचा संशय आला. त्या आपल्याच पायांकडे बघत बसल्या होत्या. ओळंब्याने घमेलं उचललं आणि कोणाला न विचारता तो बाहेर जाऊन उभा राहिला.

मॅनेजर थोडे कुरकुरले. पारदर्शक हा शब्द छापून झाला होता. पण बाईंनी तिथेच कागद पसरून पेन्सिल काढली आणि भिंत आखली. पुढच्या अर्ध्या भागाला काच राहील, मागच्या अर्ध्या भागाला भूछत्राचा दगडी देठ. वन्संनी पर्समधून स्वतःची फीत काढून ती रेघ तीनदा मोजली, मग म्हणाल्या, हे तुम्ही नंतर बदलणार नाही कशावरून? बाईंनी कागदावर सही केली, खाली मॅनेजरची घेतली, आणि एक प्रत वन्संच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरून बघितली.

घरी जाताना मी विचारलं, असं का लिहिलंत तुम्ही? त्यांनी हातातली प्रत घडी करून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाल्या, तुला काढून टाकलं असतं. मला काढणं त्यांना जमलं नसतं.

“आणि मी आपली समजत होते, तुमचा माझ्यावर विश्वास नाही.”

“नाहीच आहे,” वन्सं म्हणाल्या, आणि घरात शिरल्याबरोबर सकाळी मी बंद केलेला गॅस बघायला गेल्या.

भूछत्र तीन महिन्यांत तयार झालं. लाल टोपी, पांढरे ठिपके, सगळं चित्रातल्यासारखं. वन्संना टोपी मुळीच आवडली नाही. एवढं लांबून दिसणाऱ्या घरात कोण काय हेतूने येईल सांगता येत नाही, असं त्या रोज म्हणतात. भिंत मात्र जागच्या जागी होती, फक्त खिडकी जुनी काढून नवी बसवायची होती. तिची उंची ठरवायला बाईंनी उघडण्याच्या आदल्या दिवशी आम्हाला बोलावलं. त्या दिवशी मूल कुठून आणणार? मी उंचीला कमी, म्हणून मलाच मागच्या खोलीत स्टुलावर बसवलं. बाई माझ्या शेजारी पेन्सिल घेऊन उकिडव्या बसल्या. वन्सं पुढच्या बाकावर जाऊन बसल्या, पर्स मांडीवर, पाठ ताठ, न्यायला आलेल्या माणसासारख्या. भिंतीतलं दार उघडंच होतं.

जाळीतून वन्सं दिसल्या. इतकी वर्षं या खिडकीच्या गोष्टी ऐकल्या, पण तिच्यातून बघितलं कधी नव्हतं. उजेडात बसलेलं माणूस फार एकटं दिसतं. त्यांच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते ते माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर झाले होते, आणि मला ते तिथे दिसले.

बाईंनी भिंतीवर पेन्सिलीची खूण केली आणि गमतीने मला विचारलं, “हे तुमचं कोण?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून वन्संचा आवाज आला, बाईंना उद्देशून, रोजच्यासारखा कोरडा.

“तिच्या तोंडाकडे बघू नका. पाय बघा.”

मी खाली बघितलं. स्टूल मागे राहिलं होतं आणि मी उघड्या दारात उभी होते. कधी उठले ते मला कळलंच नव्हतं.